चौकातला चोथा

बोझोऊ, ७ सप्टेंबर २०१६

लाईदी,

फोन तू उचलत नाहीस. शूयुनच्या फोनवर विचारलं तर आपली लेक म्हणते, "आई स्वयंपाकघरात आहे." तीन वर्षं झाली. एवढं काय शिजवतेस? म्हणून आता पत्र लिहितोय. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

काल बाओझूला जाऊन तीन वर्षं झाली. मी सकाळच्या बसने गावाला गेलो. थडग्याजवळ जाळलेल्या कागदांची राख होती, बोट घातलं तर आत अजून ऊब होती. शेजारी बोरं घातलेला वाफेवरचा पाव ठेवलेला, वरून चार चिरा दिलेला. तशा चिरा देणारी बाई या मुलुखात एकच आहे. म्हणजे तू हेफेईहून आलीस, भावाला भेटलीस आणि आपल्या घरावरून तशीच परत गेलीस. हेफेईची बस आपल्या दारावरूनच जाते गं. मी तेव्हा दारातच उभा होतो, माझ्या बसची वाट बघत. समोरून तीन बसेस गेल्या. त्यातल्या कुठल्या बसमध्ये तू होतीस, याचाच विचार काल दिवसभर करत बसलो.

आता मी पुन्हा तेच म्हणणार आणि तू पुन्हा तोंड फिरवणार. फिरव. बाओझूने बारा दिवस माझ्या हातचा दानशेनच्या मुळाचा काढा घेतला आणि बाराही दिवस तो म्हणाला, "भाऊजी, छाती हलकी वाटतेय." तुझ्यासमोरही म्हणाला होता. तेराव्या दिवशी जे झालं ते त्याच्या नशिबात होतं, माझ्या काढ्यात नव्हतं. हॉस्पिटलने हेफेईला न्या म्हटलं होतं, मी पंधरा दिवस थांबू म्हटलं, हे मी कधी नाकारलंय का? पण ते लाल मूळ लोक छातीच्या दुखण्यावर शेकडो वर्षं घेतायत. ते सगळे काय वेडे होते?

आणि म्हणूनच तुला बातमी सांगायची आहे. प्रांताहून डॉक्टरांची तुकडी आलीय. जिना चढताना ज्यांची छाती दुखते असे आपल्या भागातले साठ जण त्यांनी निवडलेत. सगळ्यांना हॉस्पिटलच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार. त्याशिवाय रोज एक शिवलेली कापडी पुडी पाण्यात उकळून काढा प्यायचा. निम्म्या पुड्यांत खरं औषध, निम्म्यांत नुसतं तसं दिसणारं, तसंच कडू लागणारं काहीतरी. कुणाला काय मिळालंय हे पिणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. यादी दूर कुठेतरी कुलपात. सहा महिन्यांनी कुलूप उघडायचं आणि कोण बरं झालं ते बघायचं.

मला त्यांनी बोलावलंय. चाळीस वर्षं मुळं कापलेला माणूस, माझा सल्ला त्यांना लागणारच. निकाल लागला की तुला कळेल की माझ्या काढ्याने कुणी मरत नाही. मग तरी घरी येशील की नाही?

तुझं नाव लिहायचीही आता चोरी झालीय. लाईदी, म्हणजे 'ये रे भावा', असं नाव पोटच्या मुलीला ठेवणाऱ्या तुझ्या बापाला मी काय म्हणू? भाऊ आला, अकरा वर्षांनी. तुझ्याच पाठीवर वाढला. आता तुला हाक मारली की त्यालाच बोलावल्यासारखं होतं.

देंगखुई

*

बोझोऊ, २४ सप्टेंबर

लाईदी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (होती.)

मागच्या पत्रात एक गोष्ट मी जरा वाकडी लिहिली. त्यांनी मला सल्ल्यासाठी बोलावलेलं नाही. साठ जणांत मी एक्केचाळिसावा आहे. घाबरू नकोस, फार काही नाही. जुन्या बिजागरीसारखं वय झालंय, थोडा आवाज येणारच. वरच्या मजल्यावर मुळं वाळत घालायला गेलो की मधल्या पायरीवर थांबावं लागतं, एवढंच. उन्हाळ्यापासून. बरं, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून.

वेई नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत. वय असेल पस्तीस, पण बोलणं साठीच्या सासूचं. मला विचारलं, "लू काका, रक्त पातळ करायची गोळी घेता का? आणि घरी गुपचूप दानशेन उकळता का?"

मी म्हटलं, "बाई, मी दानशेन कापणारा माणूस आहे. माझ्या घरच्या उंदरांनासुद्धा दानशेनची चव माहीत आहे."

"उंदरांना तपासणीत घेतलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं सांगा. पातळ करायची एक गोळी आणि हे मूळ एकत्र झालं तर रक्त थांबत नाही. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

मी खरं सांगितलं की ती गोळी मी घेत नाही आणि काढा तीन वर्षांत उकळलेला नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कंटाळा.

मग त्यांनी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पुडी उसवायची नाही. दोन वाट्या पाण्याची एक वाटी होईस्तोवर उकळायची. वापरलेली पुडी वाळवून दर सोमवारी परत आणायची, मोजणार. आपल्या चौकात पावाचं दुकान चालवणाऱ्या ताओ वहिनी हात वर करून उभ्या राहिल्या. "बाई, चोथा परत द्यायचा? मग रस्त्यावर काय टाकायचं?"

वेईबाई शहरातल्या, त्यांना काही कळेना. "रस्त्यावर कशाला टाकायचं?"

अख्खी खोली हसली. औषधाचा चोथा चौकात टाकायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी तो तुडवला गेला की दुखणं त्यांच्याबरोबर चालतं होतं, हे ज्या बाईला माहीत नाही ती आम्हाला काय बरं करणार, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वेईबाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, "नाही टाकायचा. पुडी जशीच्या तशी परत."

सगळे "हो, हो" म्हणाले. आपल्याकडे लोक "हो, हो" कसं म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

देंगखुई

*

बोझोऊ, १८ ऑक्टोबर

लाईदी,

आज मी जिना न थांबता चढलो. दोन्ही टप्पे. वर जाऊन मुद्दाम खाली आलो आणि परत चढलो. ताओ वहिनी खालून ओरडल्या, "लू दादा, वर बायको आलीय की काय!" मी म्हटलं, येईल.

खरं सांगतो, चौथ्या दिवसापासूनच फरक वाटायला लागला. आठवड्याने नदीपर्यंत चालत गेलो. छातीवरचा तो हात उचलल्यासारखा झालाय. शब्दच सुचेनात आणि तोंडातून आपोआप निघालं, छाती हलकी वाटतेय. बोललो आणि तिथेच पुलावर उभा राहिलो. बाओझूचेच शब्द ते. मग मी रडलो, पण आनंदाने रडलो गं. तो खोटं बोलत नव्हता आणि माझं मन राखायलाही बोलत नव्हता. हे मूळ खरंच छाती हलकी करतं. मला आतून कळलंय आता, माझ्याच अंगात.

माझ्या पुड्या खऱ्या आहेत, यात शंकाच नाही. तू म्हणशील, वास घेऊन बघितला असेल. नाही घेतला. आणि घेऊन तरी काय उपयोग? गोदामात इतकी वर्षं गंधकाचा धूर खाल्ल्यावर माझ्या नाकाला आता जळका भातसुद्धा कळत नाही, हे फक्त तुला माहीत आहे. दुकानात मी अजून मुळं नाकाशी धरून मान हलवतो. लोक म्हणतात, काय नाक आहे! तू असतीस तर तोंडावर हात धरून हसली असतीस.

पुडीही उसवलेली नाही. सगळ्या गावात बहुतेक मी एकटाच असेन. चोथाही टाकत नाही. बाओझूच्या काढ्याचा चोथा बारा दिवस मीच चौकात टाकत होतो, त्यानंतर त्या जागी मी वाकलेलो नाही.

मी ठरवलंय. मार्चमध्ये निकाल लागेल. तो कागद घेऊन मी हेफेईला येईन, शूयुनच्या दाराबाहेर उभा राहीन आणि तू बघेपर्यंत हलणार नाही. तोपर्यंत तुझी खोली झाडून ठेवतो. पलंगावर मुळांची पोती ठेवली होती, ती आज काढली. रागावू नकोस, जागा नव्हती.

तुझी फार आठवण येते. सकाळी पहिला पाव तू मोडायचीस आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचीस. आता अख्खा पाव माझ्यासमोर असतो आणि तो संपत नाही.

देंगखुई

*

बोझोऊ, ६ नोव्हेंबर

लाईदी,

चौकात आज तमाशा झाला. सगळ्या गावाच्या तोंडी आहे, शूयुनच्या कानावर कुणीतरी घालेलच, त्यापेक्षा मीच सांगतो.

लोकांनी "हो, हो" म्हटलं आणि करायचं तेच केलं. पुड्या उसवून चोथा चौकात टाकला आणि रिकाम्या पुड्यांत वाळू नाहीतर चहाचा चोथा भरून त्या परत दिल्या. ताओ वहिनींनी तर इतके बारीक टाके घातले की मूळच्या शिवणीपेक्षा ते बरे दिसत होते. तिथेच चोरी पकडली गेली. वेईबाईंना शिवणकाम येतं हे कुणाला ठाऊक!

पण आजची भानगड वेगळीच. साठ घरांचा चोथा एकाच चौकात पडला तर तो शेजारी शेजारी पडणारच. आपलं गाव औषधाचं. इथे मूल चालायच्या आधी मुळं ओळखायला शिकतं. सकाळी रस्ता झाडताना ताओ वहिनींच्या लक्षात आलं की एका ढिगात लालसर काळे काप आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या ढिगात फुगलेले दाणे.

त्या माझ्या दारात आल्या. "लू दादा, खाली या. तुमच्याइतकी नजर कुणाची नाही. माझ्यात गहू आहे की काय ते सांगा."

मी जायला नको होतं. पण मला बोलावलं की मी जातो. मला तिथे स्टूल दिलं गेलं. वहिनींच्या दुकानात सूप प्यायला आलेली माणसं वाट्या हातात घेऊन उभी राहिली. लोकांनी आपापल्या पुड्या आणून माझ्यासमोर उसवल्या आणि मी न्यायाधीशासारखा बसून सांगू लागलो. ह्यात दानशेन, तिरपा काप, माझ्याच दुकानातला असावा. ह्यात करपवलेला गहू, चहाच्या काड्या आणि वासापुरतं चिमूटभर मूळ. हे खरं. हे खोटं. खऱ्याचे लोक छाती पुढे काढून बाजूला व्हायचे आणि गव्हाचे लोक वेईबाईंच्या नावाने बोटं मोडायचे.

"दीड महिना मला गहू पाजला!" ताओ वहिनी म्हणाल्या. "पावाच्या दुकानातल्या बाईला गहू! आणि मी मेली रोज डोळे मिटून कडूकडू म्हणत पीत होते!"

कुणीतरी विचारलं, "बरं वाटलं की नाही पण?"

"नाही वाटलं," त्या म्हणाल्या, "आणि आता तर मुळीच वाटत नाही."

मी हसत होतो. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आता लू मास्तरांची पुडी आणा. मी म्हटलं, नको, नियम आहे. तेवढ्यात ताओ वहिनी माझ्या ओट्यावर वाळत घातलेली पुडी घेऊन आल्यासुद्धा. त्यांनीच कात्री लावली.

हात दुखतोय. उरलेलं मग लिहितो.

देंगखुई

*

बोझोऊ, ९ नोव्हेंबर

लाईदी,

गहू होता.

करपवलेला गहू, चहाच्या काड्या आणि चिमूटभर मूळ. मी पुन्हा पुन्हा बोटाने चाळलं. लोक इतके हसले की एकाच्या वाटीतलं सूप सांडलं. "लू मास्तर गहू पिऊन जिना चढले!" मीही हसलो. हसत हसत घरी आलो, दाराला कडी लावली आणि तुझ्या पलंगावर बसून राहिलो.

जिना मी खरंच चढलो होतो. नदीपर्यंत खरंच गेलो होतो. छाती खरंच हलकी वाटली होती. कुणाला खूश करायला मी तसं म्हणालो नव्हतो, पुलावर तर मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी वेईबाईंकडे गेलो. त्या खोकी भरत होत्या. आपल्या गावची साठही नावं बाद झालीत. कुणाला काय मिळालंय हे सगळ्यांना कळल्यावर आता त्यांच्या बोलण्याला अर्थ उरला नाही, म्हणाल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी मला बसायला खोकं दिलं.

मी विचारलं, "गव्हाने मला बरं कसं वाटलं?"

"काका, हे दुखणं चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे येतो तो सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा. त्यानंतर काही दिवस ते आपसूक उतरतंच, काही दिलं तरी आणि नाही दिलं तरी. त्यात तुमचा विश्वास. त्यात मी दर सोमवारी दटावते म्हणून तुम्ही हॉस्पिटलच्या गोळ्या पहिल्यांदाच नीट घेतल्यात. म्हणून तर निम्म्यांना गहू द्यावा लागतो. नाहीतर कशाने बरं वाटलं हे कळणार कसं?"

"मग मूळ खोटं?"

"मी खोटं म्हणत नाही. माहीत नाही म्हणते. त्यावर ढीगभर अभ्यास झालेत. बहुतेक लहान, आणि बऱ्याच ठिकाणी घेणाऱ्याला माहीत होतं की आपण काय घेतोय. मग सगळेच सांगतात, छाती हलकी झाली. मुळात काहीतरी असेलही. पण बंद झालेली नस त्याने उघडते, असं मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. नळी घालून ती उघडता येते, हे मी रोज बघते."

मग मी बाओझूचं विचारलं. पहिल्यांदा कुणा डॉक्टरला सगळं सांगितलं. बारा दिवसांचं. त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. म्हणाल्या, "मी तिथे नव्हते काका." मग म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर नव्हतात."

दोन्ही खरं आहे. पण मी त्यांनाही एक गोष्ट सांगितली नाही. तुला तीन वर्षं सांगितली नाही, ती आज लिहितो. त्यांच्याआधी ती तुला कळली पाहिजे.

दहाव्या दिवशी दुपारी बाओझू माझ्या कापायच्या पाटाशेजारी बसला होता. काही उचललं नव्हतं, चालला नव्हता, नुसता बसला होता. एकदम गप्प झाला आणि छाती धरली. घाम आला. थोड्या वेळाने म्हणाला, "भाऊजी, बसल्या बसल्या दुखलं. असं आधी नव्हतं झालं." मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं थोडं. पण नऊ दिवस तो बरं वाटतंय म्हणत होता, चार लोकांत मी ते सांगितलं होतं, आता उलटं कसं बोलू? मी म्हटलं, "औषध दुखण्याशी झगडतंय, शेवटचं झगडणं आहे." तो हसला. म्हणाला, "ताईला सांगू नको हं, ती लगेच गाडी बोलावेल." मी म्हटलं, नाही सांगत.

तू लगेच गाडी बोलावली असतीस. तीन दिवस होते आपल्या हातात.

तू घर सोडलंस तेव्हा तुला वाटत होतं की मी हट्टी आहे. हट्टी असतो तर बरं झालं असतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. तुझा भाऊ मी घालवला. आता तू हे वाचल्यावर येणार नाहीस, हे मला कळतंय. तरी लिहितो, कारण तू अर्ध्याच माणसावर रागावून बसली होतीस.

देंगखुई

*

हेफेई, १३ नोव्हेंबर

लाईदी,

हे पत्र शूयुनच्या हाती देतोय. पत्ता बघून दचकू नकोस. हो, हेफेई. तुझ्यापासून बसचे चार थांबे.

मागचं पत्र पेटीत टाकून परत येताना चौकात दुखलं. ताओ वहिनींच्या बाकावर बसलो. बसलं की थांबतं, म्हणून वाट बघत राहिलो. थांबेना. घाम आला. वहिनी म्हणाल्या, "गरम पाणी देऊ?" मी म्हटलं, "पाणी नको, वेईबाईंना फोन लावा आणि सांगा की बसल्या बसल्या दुखतंय." त्यांनी गाडी पाठवली. वाटेत ओरडल्या मात्र भरपूर.

इथे मनगटातून नळी घालून चित्र काढलं. मोठी नस जवळजवळ बंद आहे. उद्या सकाळी ती फुगवून आत जाळी बसवणार. माणूस जागाच असतो म्हणे. मी म्हटलं, कापणाऱ्याला कापण्याची काय भीती. भीती वाटतेय.

घरच्या माणसाची सही लागते. शूयुन करेल. सही तुझी पाहिजे असं काही नाही, मी तसं म्हणतही नाही. ती पेज घेऊन आली होती. तशी पेज शूयुनला जमत नाही, तुझ्या हातची होती. मी वाटी पुसून प्यायलो. तिने विचारलं, आईला काही निरोप? मी म्हटलं, नाही.

निरोप असा की मला तू दिसायला हवी आहेस. माफी मागायला नाही, ती मागायला मला तोंड नाही. नुसती दारात उभी राहिलीस आणि शिव्या देऊन गेलीस तरी चालेल. तीन वर्षं तुझा आवाज ऐकलेला नाही. आता तर तो नीट आठवतही नाही, आणि उद्या जर त्या टेबलावर काही झालं तर तुझ्या आवाजाशिवाय जाईन, एवढंच मनात येतंय.

खिडकीतून चार रस्त्यांपलीकडच्या इमारती दिसतात. त्यातली तुमची कुठली ते शूयुनला विचारायचं राहिलं. म्हणून सगळ्यांकडेच बघतोय.

देंगखुई

*

हेफेई, १६ नोव्हेंबर

लाईदी,

झालं. जाळी बसली. आत नेलं तेव्हा तू दिसशील म्हणून दाराकडे मान वळवून बघत होतो, ढकलणाऱ्या माणसाने सांगितलं, "आजोबा, सरळ झोपा." तू नव्हतीस. टेबलावर दिवे होते आणि गार वाटत होतं. डॉक्टरांनी नस फुगवली तेव्हा छातीत तेच दुखणं उठलं, मग गेलं. पडद्यावर काळी रेघ हळूहळू भरून आली. मी ती बघितली आणि बाओझूची रेघ अशीच भरून आली असती, हेच मनात आलं. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? मी नाही म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते नर्सने पुसलं.

बाहेर आल्यावर शूयुनला म्हटलं, "सही करताना घाबरली नाहीस ना?"

तिने माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मी नाही केली बाबा. आई आली होती."

तिने सांगितलं ते असं. माझं नऊ तारखेचं पत्र तुला बारा तारखेला मिळालं. तू ते वाचलंस आणि दोन दिवस जेवली नाहीस. शूयुनशी बोलली नाहीस. तेरा तारखेला संध्याकाळी तिने तुझ्यासमोर दुसरं पत्र ठेवलं. चौदा तारखेला पहाटे उठून तू कपडे घातलेस. शूयुन म्हणाली, "आई, तुला यायची गरज नाही, मी करते सही." तू म्हणालीस, "ते गेले तर मी भांडू कुणाशी?"

बाकावर बसून तू अख्खा फॉर्म वाचलास, एकेक ओळ, डॉक्टर घाई करत असताना. सही केलीस. बाहेर थांबलीस, आत सगळं नीट झाल्याचं कळेपर्यंत. मग तू उठलीस. शूयुनने विचारलं, "भेटून जा ना." तू म्हणालीस, "आज नाही." आणि चार थांब्यांवरून आलेली, चार थांबे परत गेलीस.

मी तिच्यावर चिडलो नाही. तुझ्यावरही नाही. तू मला माफ केलंस असं मी समजत नाही, आणि समजायची घाईही करणार नाही. बाओझूचे ते तीन दिवस मला कुणी परत देणार नाही, आणि तुलाही नाही. पण "आज नाही" म्हणालीस ना? शूयुनकडून मी ते तीनदा वदवून घेतलं. ती वैतागली.

आज दुपारी नर्स कागदपत्रं आवरायला आली. मी म्हटलं, तो सहीचा फॉर्म जरा बघू द्या. तिने दिला. खाली तुझं नाव होतं, मा लाईदी, जरा उजवीकडे कललेलं, तू लिहितेस तसं. त्याच्या पुढे एक चौकट होती, रुग्णाशी नातं काय. शूयुन म्हणाली की तिथे तू पेन धरून फार वेळ बसली होतीस. ती तुला म्हणालीसुद्धा, "आई, नुसतं 'नातेवाईक' लिहिलं तरी चालतं." तू तिच्याकडे बघितलंस आणि चौकटीत 'पत्नी' लिहिलंस.

नर्स हात पुढे करून उभी होती. म्हणाली, "आजोबा, द्या आता. ऑपरेशन झालं ना, त्यात आणखी काय वाचायचंय?"

मी म्हटलं, "थांबा जरा. माझ्या बायकोचं अक्षर आहे."

देंगखुई